अप्पांचं घड्याळ आणि तुमचा लिलाव

अहो,

काल दूध संस्थेच्या पटांगणात तुमची शोकसभा झाली. तुमच्या फोटोला एवढा जाड हार घातला होता की मिशीखालचं काही दिसत नव्हतं. तुम्हाला माती देऊन पंधरवडासुद्धा झालेला नाही, पण मंडप, माईक, सतरंज्या, तालुक्याचे पाहुणे, सगळं अगदी तुमच्या शिस्तीत होतं. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मी डोक्यावरून पदर घेऊन बसले आणि लोक तुमच्याबद्दल जे जे चांगलं बोलत होते ते ऐकत राहिले.

मग तुमचे कायमचे व्हाइस चेअरमन मल्लिनाथराव उठले. त्यांना भाषण येत नाही हे तुम्हीच सांगायचात. काल मात्र आलं.

"अण्णांनी गावाम्होरं घर बघितलं न्हाय," ते म्हणाले. "दुष्काळाच्या साली संस्थेचे शेअर पुरं व्हईनात. तवा अण्णा सवता सासऱ्याचं घड्याळ खिशात घालून सोलापूरला गेले. साफ करून आणतो म्हणून गेले, आन जुन्या घड्याळाच्या व्यापाऱ्याला दाखवून आले. त्याला म्हणाले, जत्रंत लिलावाला या. आमच्या गावचा माणूस चढायचा न्हाय, पण तुमास्नी कोण अडवतंय? अशी छाती कुणाची हाय? सांगा!"

टाळ्या पडल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही शोकसभा आहे, आणि त्या अर्ध्यावर थांबल्या.

ज्या एका वाक्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली, ते मला माईकवरून मिळालं, दुसऱ्याच्या तोंडून आणि कौतुक म्हणून. म्हणजे मल्लिनाथरावांना माहीत होतं. संचालक मंडळाला माहीत होतं. चहा देणाऱ्या शिपायालाही बहुतेक माहीत असणार. तुमच्या घरात, तुमच्या ताटाशी बसून जी विचारत होती, तिला तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

माझे अप्पा आपल्याकडे राहायला आले ते नाइलाजानं. आई गेलेली, मी एकुलती, आणि काचबिंदूनं त्यांची नजर उतरत चाललेली. जावयाच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना फार जड गेलं. येताना त्यांनी एक ट्रंक, पूजेचं सामान आणि ते घड्याळ आणलं. निजामाच्या राज्यात त्यांनी एका जहागीरदाराच्या मुलांना गणित शिकवलं होतं. राज्य गेलं, ते घराणं देश सोडून निघालं, तेव्हा थोरल्या मुलानं ते घड्याळ मास्तरांच्या हातावर ठेवलं. सोन्याचं, साखळीचं, झाकणावर निळ्या मिन्याचं काम, आणि बिजागरीपाशी एक लहानसा पोचा. कडेची पट्टी सरकवली की ते वेळ वाजवून दाखवायचं. आधी तासांचे जाड ठोके, मग पाव तासांचे जोडीजोडीनं, मग मिनिटांचे अगदी बारीक. असं घड्याळ हिंदुस्थानात किती असतील देव जाणे. पण अप्पांना त्याच्या सोन्याशी देणंघेणं नव्हतं. दिसायचं बंद झाल्यावर दिवस कुठवर आलाय हे त्यांना तेवढंच सांगायचं, आणि त्यासाठी जावयाच्या घरात कुणाला हाक मारावी लागायची नाही.

तुम्ही त्यांची थट्टा करायचात. "मामा, तुमचं घड्याळ तुमच्या लेकीपरीस कमी बोलतंय, पण खरं बोलतंय." अप्पा हसायचे. मीही हसायचे. तुमच्या थट्टेत माणूस सापडायचा आणि त्याला ते आवडायचं, हे तुमचं कसब होतं.

मी काही तुमचे नुसते दोष मांडायला बसलेली नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, सुनेनं शाळेत शिकवायला जायचं नाही. तुम्ही म्हणालात, "हिची नोकरी सुटली तर मी जेवण सोडीन." तुम्ही जेवण सोडणार या कल्पनेनंच त्या घाबरल्या, आणि मी आजवर शिकवते आहे. परीक्षेचे पेपर तपासायला बसले की तुम्ही स्वतः चहा करायचात. पाणचट करायचात, पण करायचात. 'मास्तरीणबाई' अशी हाक मारून कप ठेवायचात. तो कप काल सभेतून आल्यावर मी धुऊन वरच्या फळीवर ठेवून दिला.

आणि दुष्काळात तुम्ही जे केलंत ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, हेही खरं आहे. विहिरी खरवडून निघाल्या होत्या, माणसं खडी फोडायला जात होती, पोरं सरकारी सुकडीचं पीठ घ्यायला रांगेत. तुम्ही गुरांची छावणी उभी केलीत, सोलापूरच्या बाजूनं उसाचं वाढं ट्रकनं आणलंत आणि ट्रकवर बसून तुम्हीच वाटलंत. छावणीत भीमनगरातल्या म्हशी पार कडेला उन्हात बांधल्या होत्या. तुम्ही स्वतः दावं सोडून त्या लिंबाखाली आणून बांधल्यात. पुढं दूध संस्थेचे शेअर लिहायला घेतले तेव्हा पहिलं नाव तिथल्याच सोनाबाईचं लिहिलंत. गावातली चार डोकी तुमच्या ओट्यावर आली. "सगळ्यांचं दूध एकाच कॅनमंदी वतायचं व्हय?" तुम्ही पान लावता लावता म्हणालात, "फॅट बघायच्या यंत्राला म्हशीची जात कळत न्हाय. तुमास्नी लईच कळत असंल तर तुमचं दूध तुमीच प्या." मी दाराआड उभी होते. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला की मी रात्रीच्या भाकरीला तूप जास्त वाढलं. म्हणून तर पुढचं फार लागलं.

आपल्या महादेवाच्या जत्रेतली रीत मी तुम्हाला काय सांगायची. पण काल मल्लिनाथरावांनी ती तालुक्याच्या पाहुण्यांना समजावून सांगितली, आणि ऐकताना मला ती पहिल्यांदाच कळल्यासारखी वाटली. नवसाचं जे देवाला वाहायचं, चांदीचे वाळे असोत, तांब्याची घागर असो नाहीतर खोंड असो, त्याचा जत्रेच्या शेवटच्या दिवशी देवळापुढं लिलाव. पहिली बोली ज्यानं वाहिलं त्याच्या घरची, सव्वा रुपया. ती घरची बोली. तिच्यावर गावानं चढायचं नाही. वस्तू देवाच्या पायाला लागून घरी परत. नारळावर, ज्वारीच्या पोत्यांवर हवी तेवढी ओढाताण करा, देवाचा पैसा त्यातून. पण घरच्या बोलीवर चढला असा माणूस आपल्या गावात जन्मलेला नाही. बाहेरच्याला अडवायचा नियमही कुणी केलेला नाही, कारण बाहेरचा कुणी नवसाच्या लिलावाला कशाला येईल? हे भोक तुम्हाला दिसलं.

जत्रेच्या आधी तुम्ही म्हणालात, "मामा, घड्याळाचा आवाज दबल्यागत वाटतोय. सोलापूरला न्हेऊन साफ करून आणतो." अप्पांचे डोळे भरून आले होते हो. शेजारपाजारच्यांना ते सांगत सुटले, जावयानं माझं घड्याळ धुऊन आणलं. आणि पाठोपाठ तुम्ही दुसरं बोललात. "यंदा सगळ्यांनी जिवाजवळचं कायतरी वाहू. म्हादेवाला पाऊस मागायचा तर तसलंच काढाया पायजे. तुमी घड्याळ वाहा मामा. संध्याकाळी परत हातात." त्या वर्षी लिलावाचा सगळा पैसा संस्थेच्या भांडवलात घालायचा हे गावानं ठरवलंच होतं. अप्पांनी क्षणाचाही विचार केला नाही. माझ्याकडून रुमाल घडी घालून घेतला आणि त्यात ते ठेवलं.

देवळापुढं किती माणूस होतं. खायला नव्हतं, पण जत्रेला होतं. लिलाव पुकारायला गुरवाचा निंगप्पा. अप्पांचा हात धरून मी कडेला उभी. खरं तर घरची बोली घरच्या कर्त्या पुरुषानं लावायची, म्हणजे तुम्ही. पण तुम्ही म्हणालात, "मी संस्थेचा चेअरमन, मी बोली लावणं बरं दिसत न्हाय. मामाच लावतील." तेव्हा मला ते किती नेकीचं वाटलं होतं! अप्पांनी मान वर केली आणि शाळेत हजेरी घेताना लावायचे तसा स्वच्छ आवाज लावला. "सव्वा रुपया."

निंगप्पानं घड्याळ देवाकडं न्यायला उचललंसुद्धा. तेवढ्यात मागून कुणीतरी मोठा आकडा पुकारला. खाकी पिशवी काखेत धरलेला, डोक्याला टोपी नाही, असा एक अनोळखी माणूस.

आधी लोक हसले. वाटलं, चुकला असेल. कुणीतरी ओरडलं, "ओ पाव्हणं, घरची बोली हाय ती!"

"असंल की," तो म्हणाला. "देवाच्या दारात बोली समद्यांची असती."

निंगप्पानं तुमच्याकडं बघितलं. सगळ्या गावानं तुमच्याकडं बघितलं. तुम्ही नुसतं 'नाही' म्हणायचा अवकाश, त्या माणसाला पोरांनी वेशीबाहेर नेऊन सोडला असता. तुम्ही चपलेकडं बघत म्हणालात, "लिलाव त्यो लिलाव. पुकार."

अप्पांना काही उमगलंच नाही. त्यांना दिसत नव्हतं, आणि असं काही होऊ शकतं हे त्यांच्या डोक्यातच येणार नव्हतं. तिसऱ्यांदा पुकारून झालं तेव्हा त्यांनी हात पुढं केला, घड्याळ परत घ्यायला. गोंधळलेल्या निंगप्पानं त्या हातावर नारळ ठेवला. अप्पांनी तो चाचपला. मग माझ्याकडं तोंड करून हळूच म्हणाले, "हे न्हाय गं."

घरी आल्यावर मी तुम्हाला विचारलं, तो माणूस कोण होता?

"मला काय म्हायीत? लोहाऱ्याच्या बाजाराला आला असंल, जत्रा बघाया वळला असंल."

"तुम्ही थांबवलं का नाही?"

"संस्थेचे शेअर एका फटक्यात पुरं झाले मास्तरीणबाई. सरकारी कर्ज मंजूर व्हईल आता. एका म्हाताऱ्याचं घड्याळ मोठं का साऱ्या गावाच्या चुली मोठ्या?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं आणि आजही नाही. तुम्ही तो दर वेळी पुढं केलात. पण मी तो विचारलाच नव्हता. मी विचारलं होतं, तो माणूस कोण होता.

पुढं तुम्ही अप्पांना गजराचं घड्याळ आणून दिलंत. आंधळ्या माणसाला काचेमागचे काटे! ते काचेवरून बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, छान आहे. सुरुवातीला ते आपल्या पोरांना विचारायचे, बाळ, किती वाजले? पोरं खेळात असायची. सासूबाई एकदा सहज म्हणाल्या, "वेळ कळून कुठं कचेरीत जायचंय त्यास्नी?" त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. जेवायला बोलावलं की जेवायचे, नाही बोलावलं की बसून राहायचे. कधी पहाट समजून दुपारच्या झोपेतून उठून पूजेची तयारी करायला लागायचे आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून ओशाळायचे. सकाळ झाली हे त्यांना कशावरून कळायचं माहीत आहे? तुमच्या संस्थेची दुधाची गाडी भोंगा वाजवायची त्यावरून.

संस्था चालली, त्यात वाद नाही. गावात पत्रे आले, पोरी शाळेत आल्या. सोनाबाईची नात माझ्या वर्गात पहिली आली तेव्हा मी तिला पेढा दिला आणि मनात म्हटलं, यातला एक तुकडा अप्पांच्या घड्याळाचा आहे. मी कडू आहे, आंधळी नाही. पण चांगलं झालं म्हणून खोटं बोललेलं खरं होतं का? हे आपलं भांडण अर्धवट राहिलं. तुम्ही प्रत्येक वेळी बैठकीला निघून जायचात.

अप्पा गेले तेव्हा मी पुन्हा विचारलं. त्यांना पोचवून आल्यावर तुम्ही अंगणात पायावर पाणी घेत होतात. म्हटलं, आता तरी सांगा, तो माणूस कोण होता? तुम्ही म्हणालात, "आज ह्यो विषय काढायचा दिवस हाय व्हय?" बरोबर होतं तुमचं. तो दिवस तसाही आला नसता.

मग दोन-तीन वर्षांपूर्वीचं. आमच्या शाळेतल्या देशपांडेबाईंनी धाराशिवहून एक इंग्रजी साप्ताहिक आणलं होतं, त्यांना शब्दकोडं हवं असायचं. त्यात मुंबईत झालेल्या दुर्मिळ घड्याळांच्या लिलावाची पानभर बातमी. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, राजेरजवाड्यांची घड्याळं. आणि मधोमध निळ्या मिन्याचं झाकण, बिजागरीपाशी पोचा. खाली लिहिलं होतं, एका संस्थानी घराण्यातील खासगी संग्रहातून. कुठल्या बाहेरदेशीच्या शौकिनानं ते नेलं होतं. किमतीकडं बघायचं नाही असं मी ठरवलं आणि लगेच बघितलं. त्या पैशात अशा कितीतरी दूध संस्था निघाल्या असत्या. म्हणजे तुम्ही अप्पांना फसवलंत, आणि सोलापूरवाल्यानं तुम्हाला. मला हसू आलं, वर्गातच. मुलं घाबरली.

ते पान मी तुमच्यापुढं ठेवलं. तुम्ही चष्मा लावलात, बराच वेळ बघितलंत. पोच्यावर बोट ठेवलंत. मला वाटलं, आता. आता बोलाल.

"लई लांब गेलं की," तुम्ही म्हणालात.

मी थांबले. चहावर साय धरली. तुम्ही चष्मा काढून डबीत घातलात आणि म्हणालात, "आज तालुक्याला मीटिंग हाय, जेवाया थांबू नका." बाहेर जीपचा हॉर्न वाजला आणि तुम्ही गेलात.

काल मल्लिनाथराव सभा संपल्यावर माझ्याजवळ आले. म्हणाले, "वहिनी, म्या बरं बोललो न्हवं?" मी म्हटलं, हो. त्यांचा काय दोष? त्यांना वाटलं, अण्णांनी घरात सांगितलंच असेल. कुठला नवरा इतकी मोठी गोष्ट बायकोपासून लपवतो? मीच त्यांना विचारलं, "ह्यांनी तुम्हाला केव्हा सांगितलं?" ते म्हणाले, "त्याच दिशी की! व्यापारी गेला आन अण्णा देवळामागं बसून ढसाढसा रडले. म्हणाले, मामास्नी कुठल्या तोंडानं सांगू." ऐकून मला कणव यायला हवी होती. मला राग आला. रडायलासुद्धा तुम्ही मल्लिनाथरावांकडं गेलात.

आता एक माझ्याकडचं ऐका. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

अप्पा अंथरुणाला खिळले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी मी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते. ते एकदम म्हणाले, "जावायबापूंनी मागितलं असतं तर म्या न्हाय म्हटलं असतं का गं? माझ्या हातानं दिलं असतं. गावासाठीच न्हवं का! देवाला मधी कशापायी घातलं?"

थेंब गालावर सांडला. म्हटलं, अप्पा, तुम्हाला कुणी सांगितलं?

"कोन सांगतंय? सोलापूरहून साफ करून आणलं तवा त्यांचा आवाज लई खुशीत होता. माणूस दुसऱ्याच्या घड्याळावर इतका खूश व्हत न्हाय." मग चाचपून माझा हात धरला. "तू त्यांच्यावर डूख धरू नको. आन त्यांस्नी सांग, माझ्या मनात काय न्हाय. म्या गेल्यावर सांगितलंस तरी चालंल, पर सांग."

मी नाही सांगितलं. ठरवून नाही सांगितलं. तुमच्या तोंडून एकदा निघू दे, हो, मीच बोलावलं होतं त्याला, की त्याच पावली सांगायचं, असं मी ठरवलं होतं. अंगणात तुम्ही पायावर पाणी घेत होतात तेव्हा ते माझ्या ओठांवर होतं. ते रंगीत पान तुमच्यापुढं ठेवलं तेव्हाही होतं. तुमच्या एका वाक्याच्या बदल्यात मी तुम्हाला माफी देणार होते, आयती, माझ्या बापानं स्वतः दिलेली. तुम्ही ती मागायला आला नाहीत. आणि त्या दिवशी संस्थेच्या पायरीवर छाती धरून बसलात ते उठलाच नाहीत.

तर अप्पांचा निरोप असा आहे, की त्यांच्या मनात काही नाही. त्यांनी सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं. तो त्यांचा निरोप आहे. माझा नाही.